जानीमावशी, महिना लांब होता

प्रिय जानीमावशी,

आजपासून आपल्या लाँड्रीत पुन्हा दर आठवड्याला पगार सुरू झाला. दुपारी बायकांच्या हातात पैसे दिले, त्या कशेळ्याच्या बाजाराला गेल्या आणि मी इथे इस्त्रीच्या टेबलाशी एकटी बसले आहे. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवी होती. तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे, तरी लिहिते. तोंडाने बोलायला गेले की दोन वाक्यांपुढे मला जाता येत नाही.

पहिल्यांदा तुम्ही आलात ते मोळी विकायला. आठवतं? विलासने नुकताच टेंपो घेतला होता आणि आम्ही नवराबायकोने आसपासच्या फार्महाऊसच्या चादरी-टॉवेल धुवायला आणायला सुरुवात केली होती. एक मशीन आणि ढीगभर कपडे. डोंगराकडून वारा सुटला की चादरी दोरीसकट मातीत. मी तिसऱ्यांदा त्याच चादरी उचलत होते. तुम्ही डोक्यावरची मोळी खाली ठेवली, त्यातलीच एक बेचक्याची काठी काढली आणि दोरीच्या मधोमध टेकू दिलात.

"आशी बांध गं ताय. वारा काय तुझा नोकर हाय, सांगितलं की थांबायला?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही मोळी न घेता आलात. मग सहा वर्षं येत राहिलात.

मी तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान, पण तुम्ही मला ताय म्हणायचात आणि अगंतुगं करायचात. मला ते आवडायचं. सोमवारी टेंपोभर कपडे उतरले की तुमचं ठरलेलं वाक्य असायचं, "दोन दिस झोपाया येतात नि धा चादरी मळवतात. झोपतात का कुस्ती खेलतात?" आणि सगळ्या जणी हसायच्या.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी आठवड्याचे पैसे द्यायचे. तुम्ही ते न बघता पदराच्या गाठीत बांधायचात. "मोजा हो मावशी," मी म्हणायचे. "तू मोजलं ना, मंग?" पुढच्या जीपने तुम्ही कशेळ्याला. तेल, चहापत्ती, मीठ, थोडे सुके बोंबील. वर वाडीत आठवडाभर पुरेल एवढं. पुढचा बाजार येईपर्यंत गाठ रिकामी झालेली असायची, पण तोवर पुढचा बाजार आलेलाही असायचा.

मग मी हे मोडलं. का मोडलं, ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही.

मी मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढले. बाबा कंपनीत होते. सात तारखेला ते पगार घेऊन यायचे तेव्हा आई काहीतरी गोड करायची. आमच्या लेखी पगार म्हणजे महिन्याचा. आठवड्याने मिळते ती मजुरी. मला वाटायचं, माझ्या लाँड्रीतल्या बायकांना मजूर का म्हणावं कुणी? त्यांनाही सात तारीख असावी. खोटं कशाला बोलू, माझीही त्यात सोय होती. फार्महाऊसवाले मला महिन्याने पैसे द्यायचे आणि मला दर आठवड्याला जमवाजमव करावी लागायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी दांडी मारायच्या. खोपोलीचे आमचे हिशेब बघणारे गृहस्थ म्हणायचे, महिन्याचा पगार करा, म्हणजे धंदा धंद्यासारखा दिसेल. मलाही तो तसा दिसायला हवा होता.

पण एक गोष्ट मी विसरले. बाबांचा पगार महिन्याने यायचा, कारण कॉलनीतला वाणी आम्हाला महिनाभर उधार द्यायचा. तुमच्या वाडीवर कोणता वाणी होता?

मग एक दिवस मी सगळ्यांना चहा करून समोर बसवलं आणि सांगितलं, आता सात तारखेला पगार थेट खात्यात जमा होईल. गावातली सविता खूश झाली. तिला स्कूटीचा हप्ता असतो. बाकीच्या एकमेकींकडे बघत होत्या. तुम्ही टॉवेलाच्या घड्या घालता घालता म्हणालात, "महिना लई लांब असतो ताय."

मी हसून म्हणाले, "अहो, एकदम पैसे हातात येतील. साठतील."

"साठवाया आदी पोटाला तर पायजे."

"मग मध्ये लागले तर उचल घ्या ना. मी काय नाही म्हणणार आहे?"

तुमचा हात टॉवेलावर थांबला. मग पुढची घडी घालत म्हणालात, "बरं."

ते 'बरं' मी होकार समजले.

उचल हा शब्द मी तुमच्यासमोर काढलाच कसा, मावशी? तुम्ही मला सगळं सांगितलेलं होतं. लग्नाच्या खर्चाला तुमच्या नवऱ्याने वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतली. ती फेडायला दिवाळीनंतर दोघं भट्टीवर, पावसाळ्यात घरी, घरी खायला नाही म्हणून पुन्हा उचल. अकरा वर्षं. तुमची मंदा भट्टीवरच जन्मली. नवरा गेला तेव्हा तुम्ही पोरीला घेऊन वाडीवर परतलात आणि ठरवलंत. "आदी काम, मंग पैसा. आदी पैसा घेतला की मानूस त्याचा व्हतो." इस्त्री करता करता मी हे ऐकलं होतं, मान हलवली होती आणि विसरून गेले होते.

पहिल्याच महिन्यात सात जणींतल्या पाच जणींनी उचल घेतली. तुम्ही नाही घेतली. मी विलासला कौतुकाने म्हणाले, "बघ, जानीमावशींना बरोबर जमतंय." जमत नव्हतं. तुमच्या डब्यातले बोंबील बंद झाले, नुसती भाकरी आणि मिरची आली. तुम्ही घामाघूम होऊन यायला लागलात. मी विचारलं, तर म्हणालात, "जीपला गर्दी असते गं. चालत बरं पडतं." मला का खोटं सांगितलंत? आणि मी तरी ते का मानलं? त्या रस्त्याने रोज आमचा टेंपो जात होता.

भादव्यात तुम्हाला ताप आला. तुमच्या हातून चादर घेताना मला चटका बसला. मी गोळी दिली आणि म्हटलं, उद्या सुट्टी घ्या, डॉक्टरकडे जा. "जाते," म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत, तेव्हा मला वाटलं गेला असाल. तिसऱ्या दिवशीही नाही. सुट्ट्यांचे दिवस होते, कपडे दारापर्यंत साठले होते. मंदाला फोन लावला, वाडीवर रेंज नव्हती. मी पुन्हा कामाला लागले. चौथ्या दिवशी मंदाच्या नवऱ्याचा फोन आला, तुम्हाला कर्जतला सरकारी दवाखान्यात आणलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा तुम्हाला पुढे मोठ्या हॉस्पिटलात हलवायची तयारी चालली होती. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत आणि विचारलंत, "आज किती तारीख हाय?"

"तीन," मी म्हणाले.

मला वाटलं, तापात विचारलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

त्या प्रश्नाचा अर्थ मला वाडीवर कळला. मंदा दाराशी बसली होती. मी विचारलं, "आधी का नाही नेलंत गं?"

"मी म्हनत होते, चल," ती म्हणाली. "पन घरात जीपच्या भाड्याला पैसं नव्हतं. आई म्हनं, सात तारीक आली की जाऊ."

"माझ्याकडे माणूस का नाही पाठवलंत?"

"तेबी म्हनले. तर म्हनली, ताय उचल देल. मला उचल नको."

मी तिथेच मातीत बसले. मंदानेच मला पाणी आणून दिलं. "तुमचा काय दोस नाय," ती म्हणाली. "आमाला समद्यालाच उशीर व्हतो." तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला घरी परतणं जरा सोपं गेलं असतं.

मी डॉक्टरांनाही विचारलं होतं. "दोन दिवस आधी आणलं असतं तर..." एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले. ते अर्धं वाक्य तेव्हापासून माझ्याकडे आहे. तुम्ही वाचला असतात की नसतात, कोण सांगणार? सात तारखेला माझ्या फोनवर मेसेज आला. बँकेने तुमचा पगार तुमच्या खात्यात वेळेवर जमा केला होता.

मावशी, तुम्ही मला दोरी बांधायला शिकवलीत. मग माझं हे चुकतंय, असं माझा हात धरून का नाही सांगितलंत? एकदा सांगितलंत, हे खरं. मी हसले. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, असं म्हणण्याचा मला काय अधिकार?

गेल्या महिन्यात मी सगळ्यांना विचारलं. या वेळी एकेकीला वेगळं बसवून. तुमच्या मंदासकट सहा जणींनी आठवडा मागितला. सविता मात्र म्हणाली, "ताई, माझे आठवड्याने आले की उडतात. मला महिन्यानेच द्या." तिचा महिनाच ठेवलाय. फार्महाऊसवाल्यांना मी पंधरा दिवसांनी पैसे मागितले. एकाने ऐकलं नाही, कपडे दुसरीकडे नेले. मला वाटलं, विलास चिडेल. तो बराच वेळ टेंपो पुसत राहिला, मग म्हणाला, "जाऊ दे. चादरीच आहेत." आधीच्या उचली मी सोडून दिल्या. हिशेबवाले गृहस्थ नाराज आहेत.

तुमच्या जागी मंदा येते. मी तिला विचारलं नव्हतं, तीच आली. आज तिने पैसे माझ्यासमोर दोनदा मोजले आणि मगच पिशवीत टाकले. मला बरं वाटलं.

यातल्या कशानेही तुमची ती चार तारीख बदलत नाही, हे मला कळतं. पैसे आठवड्याने दिले म्हणजे माझी सुटका झाली, असंही नाही.

सहा वर्षांत मी तुमच्या वाडीवर एकदाही आले नव्हते. तुम्ही गेल्यावर ती वाट मला कळली. आता सातही जणींची घरं बघून आले आहे. कुणाकडे जायला चढ आहे, कुठे ओढा आडवा येतो, सगळं बघून ठेवलंय. तुम्हाला शब्द देते. जी बाई एक दिवस न सांगता आली नाही, तिच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभी असेन. मागे कितीही कपडे पडलेले असोत. आणि हातात उचल नसेल, तिच्या झालेल्या कामाचे, तिच्या हक्काचे पैसे असतील.

तुम्ही जिला ताय म्हणत होतात ती,
साधना