माझ्या आवाजातली गोष्ट

सोमवार, १० नोव्हेंबर

तर सगळ्यांत आधी आली ती छबूबाई. शनिवारी माझी ट्रंक अजून टेंपोतून उतरली न्हवती, तर ही विरजणाची वाटी घेऊन दारात हजर. शाळेतल्या पोरांची खिचडी हीच शिजवती. विरजण निमित्त होतं, बघायचं होतं मास्तरीणबाईंची दादी कशी दिसती ते. बसल्या बसल्या तिनं मला अख्खी वस्ती सांगून टाकली. कुणाची म्हैस आटली, कुणाचा जावई रुसून गेला, आणि सर्जेरावतात्यांची सून नकोशी दोन वर्षांमागं ट्रॅक्टरवाल्याबरोबर कशी पळून गेली. पोटची पोर टाकून गेली बघा आपा, म्हणाली. मी म्हणले, बाई, मी अजून इंदापुरातनं नीट पोचले बी न्हाय, मला आधी चहा तर ठेवू दे.

जागा झकास हाय. सणसरच्या पुढं, कालव्याच्या कडंला दोन खोल्या. दारात पेरूचं झाड. माझी नात साजिया हितल्या वस्तीशाळेत मास्तरीण. हैदर, म्हणजे माझा ल्योक, म्हणत होता आम्मी तू तितं काय करशील एकटी. करीन की. माझ्या नातीच्या नावाची पाटी हाय शाळेत, ती रोज बघीन.

ही वही बी तिनंच दिली. दुसरीतनं माझी शाळा सुटली ती सुटलीच. आता म्हणती दादी, रोज एक पान लिव. त्या पानाचा फोटो काढून ती टॅबला दाखवती, टॅब चुका सांगतो. काल सत्तावीस निघाल्या. पण ओरडला न्हाय हां. आमच्या मास्तरांनी वेताची छडी मोडली असती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज दिवसभर शाळेत बसले. चौथीत अठरा पोरं, आणि अठरांच्या अठरा तऱ्हा. साजिया टॅबला सांगती, ह्याला जोडाक्षरं येत न्हायत, त्याचा धडा कर. हिला भागाकार अडतोय, ऊसाच्या गाड्यांवर गणितं दे. दोन मिनिटांत हजर. आमच्या टायमाला एकच पुस्तक आणि सगळ्यांच्या पाठीत एकच धपाटा.

पण ती आंधळी न्हाय. म्हणती, मशीन शहाणं हाय तसं थापाडं बी हाय. कळलं न्हाय की मनानं भर घालतं, आणि घालतं ते बी अगदी खरं वाटंल असं. मागं त्यानं लिवलं, वस्तीवर जुना किल्ला हाय. किल्ला! हितं विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोल्या सोडल्या तर दगडाचं काय उभं न्हाय. म्हणून तिचा नेम, आधी सबंध आपण वाचायचं, ऐकायचं, मगच पोरांम्होरं ठेवायचं. आणि पोरांना आपलं वाटावं म्हणून तिनं टॅबला वस्तीच्या सगळ्या जागा लिवून दिल्यात. कुणाचा मळा कुठं, विहीर कुठं, मोटार कुठं.

प्रगती बघितली. तीच ती, नकोशीची लेक. नऊ वर्षांची, डोळे आईवर गेलेत म्हणती छबूबाई. आई गेल्यापासून माणसांशी बोलत न्हाय. पण टॅबला तोंड लावून हळूच वाचून दाखवती. टॅब काय विचारत न्हाय ना, तुझी आई कुठं गेली म्हणून. जाताना तिनं माझा पदर धरला. मी तिला गूळ-तुपाची कुलेर दिली. चार घास खाल्ले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

उद्या बालदिन. पोरांनी हट्ट धरला, दादी, भ्या वाटंल अशी गोष्ट सांगा. मग काय, मला तेच पाहिजे. माझी नानी सांगायची ती जात्याखालच्या सुनेची गोष्ट सांगितली. सून नाहीशी होती, सासरचे म्हणतात पळाली. खरं तर मारून जात्याखाली पुरलेली असती. मग जो दळायला बसंल त्याला खालनं तिची ओवी ऐकू येती. पोरं एकमेकांना चिकटून बसली. एक तर खिचडीच्या रांगेला बी उठंना.

साजियानं ती टॅबला ऐकवली. आता टॅब ती गोष्ट माझ्या आवाजात सांगणार, चित्रांसकट! थोडं ऐकवलं तिनं. अगदी मी. खोकले बी मध्येच. मी एवढी हसले की ठसका लागला. पोरांना जातं माहीत न्हाय, तर म्हणली त्याच्या जागी हितलं काय तरी घालंल ते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कसं लिवू.

मंडप होता, कर्णा होता, अख्खी वस्ती होती. टॅब रात्री नेटवर्क नसल्यानं अडकलेला, गोष्ट तयार झाली ती कार्यक्रमाच्या ऐन टायमाला. दारात पाहुणे, नारळ, हार. साजियानं पहिलं पान तेवढं ऐकलं. सबंध ऐकायचा नेम आज एकदाच मोडला.

कर्ण्यातनं माझा आवाज सुरू झाला. लोक हसले, छबूबाईनं मला ढोपर मारलं. मग आवाज म्हणाला, कालव्याच्या कडंला सर्जेरावतात्यांचा मळा. तितं मोटारीची खोली. सून पळाली म्हणतात पोरांनो, पण नवऱ्यानं तिच्या डोक्यात मोटारीचा पाना घातला. एक घाव न्हाय, तीन. मग खाली पुरली आणि वर नवा कोबा केला. आता मोटार सुरू झाली की खालनं ओवी ऐकू येती.

जात्याच्या जागी त्यानं मोटार घातली होती. पाना, घाव, कोबा मनानं भरले होते, दुसरं काय केलं न्हवतं त्यानं. जागांच्या यादीतली पहिली मोटार उचलली.

कुणी हसंना. तात्यांचा शिवम, प्रगतीचा बाप, खुर्चीवरनं उठला आणि खुर्ची पडली. तात्या बसून होते. सगळं संपल्यावर त्यांनीच एकट्यांनी टाळ्या वाजवल्या. हळूहळू. लई येळ.

साजियानं माईकवर माफी मागितली. मशीनची चूक हाय म्हणाली. खरंच चूक हाय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी बिरदेव आला. तात्यांच्या मोटारीवर तोच असतो. आत येईना, पेरूखाली उभा. आजी, पान्याचं तुमाला कुणी सांगितलं, विचारलं. मी म्हणले बाबा, कुणी न्हाय, मशीननं घातलं. तो म्हणाला, न्हाय. तीन घाव त्यानं कसे मोजले? तात्या, शिवम आणि मी, आमी तिघंच होतो. पाना मी धुतला, कोबा मी केला.

एवढं बोलला आणि तोंडावर हात मारून घेतला.

म्हणजे ती पळाली न्हाय. म्हणजे खरंच तितं —

साजियाला सांगितलं. म्हणाली बिरदेवला घेऊन सोमवारी चौकीवर जाऊ. एकट्या आपल्या बोलण्यावर कोण खोली खणणार. बिरदेव व्हय म्हणून गेला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बिरदेव कालव्यात सापडला. गेटाच्या जाळीला अडकलेला. छबूबाईनं बघितलं. तोंड ओळखू येत न्हवतं म्हणाली, सदऱ्यावरनं ओळखला. दात न्हवते. उजव्या हाताची बोटं सगळी चेचलेली, पाट्यावर मिरच्या ठेचाव्यात तशी. लोक म्हणतात पाय घसरला.

दुपारच्या सुट्टीत तात्या, शिवम आणि भावकीतले बापूसाहेब शाळेत आले. पोरं जेवत होती. शिवमनं टॅब उचलला, म्हणाला लाव. साजिया लावेना. त्यानं स्वतः लावला. माझा आवाज सुरू झाला तसा त्यानं टॅब फरशीवर ठेवला आणि हातातल्या कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, घातला. काच फुटली. आवाज चालूच. पोरांनो, पोरांनो, म्हणत होता. दुसरा घाव. तरी खोकला. तिसऱ्याला बंद झाला.

साजिया मध्ये गेली. त्यानं तिचा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं. हाडाचा आवाज मी ऐकला. खिचडीची ताटं तशीच, पोरं रडत पळाली.

तात्या शांत होते. म्हणाले, मशीनला सपान पडत न्हाय मास्तरीणबाई. कुणीतरी सांगितलंय. घरातलंच कुणीतरी. आणि प्रगतीकडं बघितलं.

ती त्या येळी सात वर्षांची होती. हिनं तवा बघितलं आणि कुणाला सांगितलं, असं ह्यांना वाटतंय. ती तर बोलतच न्हाय —

तिला घेऊन गेले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रगती शाळेत न्हाय. छबूबाई दुधाच्या निमित्तानं तात्यांच्या वाड्यामागं जाऊन आली. गोठ्यात बांधलीय म्हणाली. दाव्यानं. हातावर विडीचे चटके. एवढं सांगून छबूबाईनं पदर तोंडात कोंबला.

तिला विचारतायत कोणाला सांगितलंस. ती काय सांगणार. तिला जिवंत ठेवणार न्हायत हे. नकोशीला न्हाय ठेवलं.

चौकीवर फोन केला तर पोरगी दिसायची न्हाय, असा निरोप आला. बापूसाहेब स्वतः सांगून गेले. दारात थांबून चहा बी मागितला.

साजियाचा हात काळानिळा. बारामतीला नेऊन प्लास्टर घातलं. दारात अडकला म्हणून सांगितलं तिनं डॉक्टरला. ते खरंच होतं.

मीच सांगितली ना गोष्ट. मला हौस. माझ्याच आवाजात —

बुधवार, १९ नोव्हेंबर

मी गेले. एकटी. दिवसा, सगळ्यांदेखत, काठी टेकत. तात्यांच्या ओट्यावर बसले आणि सांगितलं, पोरीला सोडा. तिनं न्हाय सांगितलं. मीच बघितलं होतं.

शिवम हसला. तू इंदापुरातली. मी म्हणले दोन वर्षांमागं सणसरला भाचीच्या लग्नाला आले होते. कालव्यावर परसाकडं गेले, मोटारीच्या खोलीची खिडकी उघडी. तीन घाव मोजले. बिरदेव पाना धूत होता. भ्याले म्हणून गप्प बसले. आता म्हातारीला भ्यायचं काय राहिलंय.

सगळं खोटं. एवढं खोटं मी आयुष्यात कधी बोलले न्हाय. आणि मला जमलं. मशीनसारखीच भर घातली. अगदी खरं वाटंल अशी.

शिवमनं केसांना धरून मला ओट्यावरनं ओढलं. तोंड उंबऱ्यावर आपटलं. दोन दात गेले, राहिले होते तेच. मी रक्तातनं बघितलं, तात्यांनी मान हलवली. पटलं त्यांना.

कुणाकुणाला सांगितलंस. कुणाला न्हाय. साजियाला? तिला मशीनच वाटतंय, म्हणले. मी मेले की संपलं.

पोरीचं दावं सोडलं. माझ्या अंगावर ढकलली. वस्ती बघत होती, म्हणून आमाला घरी जाऊ दिलं. तिनं माझ्या कानात एकच शब्द काढला. पाणी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहाट. साजिया प्रगतीला स्कूटीवर घेऊन अंथुर्ण्याला गेली, पोरीच्या मामाकडं. एका हातानं चालवत. तिथनं मामाला घेऊन मोठ्या पोलिसांकडं जाणार. मला म्हणाली दादी, छबूबाईबरोबर पहिल्या एसटीनं ये. व्हय म्हणले.

न्हाय जाणार. मी दारात दिसले न्हाय तर ते लगेच पोरीमागं जातील. पेरूखाली बसलेय. समोरनं शिवमची गाडी तीनदा गेली. मी हात केला. खुशाल दिसले पाहिजे.

नऊ वाजता आले. तिघं. अंगणातच बसले. तोंड सुजलंय, बोलता येईना, नुसती मान हलवली. पोरगी आत झोपलीय म्हणून खूण केली. आत जाऊन बघितलं न्हाय त्यांनी. बघितलं न्हाय, अल्ला.

तात्या म्हणाले, कुठनं बघितलंस ते खोलीत येऊन दाखव, आमी न्यायला येतो. आज न्हाय, आज दिवसा मोटारीला लाईट न्हाय. मोटार चालू असली की खोलीतला आवाज बाहेर येत न्हाय, असं शिवम म्हणाला. मला ऐकू जावं म्हणूनच म्हणाला.

एका दिवसात पोरगी अंथुर्ण्याच्या बी लई लांब पोचंल. साजिया, लांब —

उद्या दिवसाची लाईट हाय. उद्या, शुक्रवारी, सकाळी दहाला येतो म्हणालेत. शुक्रवारी —