वाक्याच्या शेपटापर्यंत

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं, तेव्हा काळजी नको.

आई, आज गड जिंकला! आमच्या इस्पितळात एक निवृत्त गायनशिक्षिका आहेत. मेंदूत गुठळी झाल्यापासून त्यांना शब्द न् शब्द कळायचा, पण वाक्य लांबलं की शेपूट येईपर्यंत त्याचं डोकं हातातून निसटायचं. डाव्या मेंदूचे जे भाग वाक्याची सुरुवात शेवटापर्यंत धरून ठेवतात, त्यांनाच इजा झाली होती.

रोजच्या भाषेच्या सरावात मी चित्रं मांडून विचारायचे, "मांजरीने ज्या कुत्र्याला पळवलं, तो दाखवा." बाई हमखास मांजरीमागे धावणारा कुत्रा दाखवायच्या. आज बोट बरोबर पळपुट्या कुत्र्यावर पडलं. चित्रं बदलली, तरी चुकल्या नाहीत! वर म्हणाल्या, "जी मुलगी मला रोज कुत्र्यामांजरांच्या भांडणात ओढते, तिला कुणीतरी चहा पाजा रे!" डॉक्टरांसकट सगळे हसले. मी मात्र रडले.

आजारातून उठल्यापासून बाबा बोलणं अर्ध्यावर टाकून उठून जातात, ते अजून चालूच आहे का? तू त्याला हट्ट म्हणतेस, मला तसं वाटत नाही. त्यांच्याशी छोटी वाक्यं बोल, मध्ये थांब. दादाला म्हणावं, त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे ने.

आता पुढचं त्यांना सावकाश वाचून दाखव.

बाबा, मी मजेत आहे. आज मी जिंकले. मी लवकर घरी येते. मग आपण खूप बोलू.

तुमची,
धाकटी