दुसऱ्या नजरेचा रकाना

३ नोव्हेंबर २०२५
चंदनसारच्या फ्लॅटमधून निर्मळ गावाला आले आणि वाटलं, सुटले बाई! परेशदादा म्हणाला होता, केळीच्या वाडीत दोन दिवसांत कंटाळशील. बघू या. माडीवरची खोली छान आहे आणि मनोरमाकाकूंच्या हातची केळफुलाची भाजी त्याहून छान. काम महिनाभराचं. जुन्या खगोलयाद्यांतले तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवलेल्या जागी आहेत का, ते संगणकावरच्या आकाशचित्रांत शोधायचं. काम देणारे रमेशकाका, काकूंचे यजमान, निवृत्त शिक्षक. तीस वर्षं हरवलेल्यांच्याच मागे आहेत.

५ नोव्हेंबर
गंमतच आहे. दोनशे वर्षांपूर्वी कुणी भलत्याच ताऱ्यापासून अंतर मोजलं, कुणाला धूमकेतूच तेजोमेघ वाटला, की झाली नोंद! पुढच्यांनी शोधत बसावं. काकांच्या वहीत दोन रकाने. पहिल्यात बघणाऱ्याची सही, दुसऱ्यात पडताळणाऱ्याची. दुसऱ्यालाही दिसलं तर नोंद पक्की, नाहीतर लाल रेघ: ‘आढळत नाही’. पण काकांना मोतीबिंदू. एकेका चित्राला अर्धा तास लावतात, तोवर माझ्या चार डुलक्या होतात.

८ नोव्हेंबर
आज न बघताच एकोणीस नोंदींवर लाल रेघ मारली आणि काकांची सहीही मीच ठोकली. आकाश काय तक्रार करायला येणार आहे?

९ नोव्हेंबर
काकांना कळलं. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, त्यातले काही जागेवर होते, कुणीतरी नीट बघायला हवं होतं. मग माझ्याकडे बराच वेळ बघत वहीत काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर मी वाचलं, तर माझंच नाव. ‘क्र. २१२. उन्नती. माडी, पूर्वेची खिडकी. मला दिसते.’ खाली काकांची सही. दुसरा रकाना रिकामा. म्हातारा चेष्टेखोर आहे.

१० नोव्हेंबर
रोज ‘बाय, पानी आनू का?’ विचारणाऱ्या कामवाल्या शकूने आज माझ्या पावलांवरून झाडू फिरवला. काकूंनी दोनच ताटं वाढली. हाक मारली तर माझ्या आरपार बघून दाराला कडी घातली. दादाला फोन लावला. हॅलो, हॅलो, कोण आहे, म्हणत त्याने ठेवून दिला.

११ नोव्हेंबर
बॅग उचलून पळाले. फाटकाबाहेर हात टाकला तो पुसट झाला. कोपरापर्यंत. मागे ओसरीवर काका बघत बसलेले, पण त्यांना दिसतं ते फाटकापर्यंतच. त्यांच्या समोर आले तसा हात परत भरला. पाया पडले, नोंद खोडा म्हटलं. काका रडायला लागले. खोडली तर मलाही दिसणार नाहीस पोरी, म्हणाले. दुसरं कुणीतरी बघायला हवं. कोण बघणार? मला घरी जायचंय —

१३ नोव्हेंबर
उद्या काकांचं ऑपरेशन. डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने काही दिसतच नाही त्यांना. म्हणजे मग मी —
शकूपुढे वही धरली. तिला नुसती वहीच दिसली. किंचाळून पळाली.

१४ नोव्हेंबर
रिक्षा आलीय. काका खाली काकूंना विनवतायत. वर जा, खिडकीपाशी नीट बघ, दिसली तर सही कर. काकू म्हणतायत, तुमचं डोकं फिरलंय, असली कुणी पोरगी आपल्याकडे आलीच नाही.

रिक्षा गेली. काका गेले. हात कोपरापर्यंत —

काकू वर आल्या. वही उघडली. खिडकीकडे बघतायत. मी इथेच — काकू, इथे! घाई नका करू, अजून एकदा बघा —
लाल पेन —
काकू, नीट ब