पहिले दहा तास

हेरिंग बेट, ता. ६ जुलै १९८७

ती. अँब्रोजदादास,
धाकट्या सेलीनाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण इंजिन. ईलाय जाऊन वर्ष झालं आणि त्याचं जुनं इंजिनही गंजून त्याच्यामागोमाग गेलं. म्हणून होडीच्या मागं लावायचं एक छोटं, नवंकोरं घेतलं. सप्टेंबरात फेरीबोट बंद होतेय. गॉर्डननं बजावलंय, की आई, त्याआधी एकटीनं होडी घेऊन पलीकडे माझ्या धक्क्याला लागलीस तर खुशाल बेटावर राहा. नाहीतर मी खोकी घेऊन तुझं सामान बांधायला येतो. पोरगा माझा, पण जीभ बापाची.

ईलायनं चाळीस वर्षांच्या संसारात मला इंजिनाला बोट लावू दिलं नाही. पलीकडे जाऊ या म्हटलं, की हवा बघून सांगतो म्हणायचा. काल अंगणात पिंपभर पाणी घेतलं, इंजिन कडेला अडकवलं आणि दोरी ओढली. तेरा वेळा. खांदा निखळायला आला तेव्हा दिसलं, की मनगटात घालायच्या लाल दोरीचा चिमटा जागेवर लावलाच नव्हता. तो लावल्यावर एका ओढीत सुरू. पिंपातलं पाणी उडून शेजारच्या थिर्झाची वाळत घातलेली चादर भिजली, ती अजून बोलत नाही. पण मला जमणार, दादा. तू जन्मभर इंजिनं दुरुस्त केलीस, काय ते शिकव.

तुझा लोभ आहेच, तो टपालानं येत राहो.
सेलीना

हॅलिफॅक्स, ता. १५ जुलै १९८७

चि. सेलीनास अ. उ. आ.

तेरा वेळा वाचून इतका हसलो, की लेक धावत बघायला आली. आता ऐक. नवं इंजिन म्हणजे नवी सून. पहिले दहा तास पुरता वेग द्यायचा नाही. आधी एकमेकींना ओळखा. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो, तो निघताना सैल कर. नाहीतर थोडा वेळ गोड चालेल आणि ऐन पाण्यात रुसून बसेल. वल्ही कायम बरोबर ठेव.

गॉर्डननं मलाही लिहिलंय, की मामा, आईला समजाव. मी कळवलं, की ते मला साठ वर्षांत जमलेलं नाही. पण खरं सांगतो, मला भीती वाटते. जपून जा.

आशीर्वाद आहेतच, पोचल्याचं कळव.
अँब्रोज

हेरिंग बेट, ता. २४ ऑगस्ट १९८७

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

धुकं नसेल त्या दिवशी बेटाभोवती फिरायचं आणि तासाला एक रेघ खडूनं दारावर ओढायची, असं चाललं होतं. नऊ रेघा झाल्या, तशी शनिवारी निघाले. अर्ध्या वाटेत इंजिन बंद. चार वेळा दोरी ओढली. वल्ही घ्यायला वाकले आणि तुझ्या पत्रातली नवी सून आठवली. स्क्रू घट्ट बंद होता. सैल केला, दमानं ओढली, सुरू झालं.

गॉर्डन धक्क्यावरच उभा होता. त्यानं दोर बांधला आणि वाकून इंजिन न्याहाळलं. सुनेनं चहा दिला, बेरीचा केक दिला. दाराशी रिकाम्या खोक्यांची चळत होती. मग तो म्हणाला, की परत जाताना मी सोबत येतो. मी म्हटलं, बस पुढं, आणि ती खोकी घे.

बेट जवळ आलं तेव्हा दहावा तास भरला. मी पुरता वेग दिला. गॉर्डनची टोपी उडाली, ती मीच होडी वळवून उचलून दिली. मग दोघांनी खोक्यांत माझ्या वाफ्यातले बटाटे भरले आणि उजेड आहे तोवर त्याला खोक्यांसकट घरी पोचवलं. धक्क्यावर चढल्यावर खाली बघत त्यानं विचारलं, की आई, नाताळला येशील ना?

मी म्हटलं, हवा बघून सांगते.

माया असू दे, दादा, आणि आता भीती सोड.
सेलीना