रतनजोतीचं कुंपण

मामाजी, तुम्ही लावलेलं रतनजोतीचं कुंपण आता नाही. मी काढलं. तुम्हाला विचारलं नाही, आणि विचारायला तुम्ही आहात कुठे? पण वावराच्या त्या कडेला उभं राहिलं की आता सरळ रस्ता दिसतो, नव्या रायपुरकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात, आणि दर वेळी वाटतं, तुम्ही पंपाच्या खोलीतून बाहेर याल आणि खेकसाल, "काहून तोडलं? कोणाले विचारून तोडलं?" म्हणून लिहून राहिले. मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होता तेव्हा सासऱ्यापुढे पदर सावरण्यापलीकडे माझी हिंमत गेली नाही. आज जाईल.

आधी इकडचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही उमगायचं नाही. राजधानी आता आपल्या दारापर्यंत आली. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या कडेला सरकारी कॉलन्या झाल्या आणि तिथल्या लोकांना रविवारी कुठे जावं हा मोठाच प्रश्न पडायला लागला. तुमच्या मुलाने आणि मी मिळून वावर त्यांच्यासाठी खुलं केलं. त्यांना विळा कसा धरायचा ते शिकवतो, पट्टीभर धान कापू देतो, बैलगाडीतून तलावापर्यंत नेऊन आणतो, झाडाखाली बसवून पत्तलीवर तांदळाच्या धिरड्यासारखा चीला आणि टमाट्याची चटणी वाढतो. हसा, हसा. ज्या कापणीसाठी तुम्हाला अभनपुरच्या बाजारात मजुरांच्या विनवण्या कराव्या लागायच्या, ती करायला लोक आता गॉगल लावून येतात आणि वर थँक्यू म्हणतात. मुलांना झाडं दाखवायचं काम तुमच्या नातीचं. तुम्ही गेलात तेव्हा जेमतेम शाळेत जात होती, आता कॉलेजात आहे. मराठी सगळं समजते तिला, उत्तर मात्र हिंदीत. गेटवर आम्ही एक पाटी लावली आहे, "अपने हाथ से तोड़िए, यहीं खाइए." वाक्य तुमचंच आहे. मी फक्त हिंदीत केलं.

ते वाक्य मी कसं शिकले ते तुम्हाला आठवतं का? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रायपुरच्या ब्राह्मणपाऱ्यातले तुमचे स्नेही मुलाबाळांसकट वावरात आले होते. त्यांचं एक पोट्टं जांबाच्या झाडावर चढून कच्चे पेरू ओरबाडत होतं, एक चावा घ्यायचं आणि फेकायचं. माझा जीव जळला. मी त्याच्या हातावर चापट मारली, तर तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणालात, "सूनबाई, आपल्या वावरात तोडणाऱ्याच्या हातावर मारत नसतात. ज्यानं तोडलं त्यानं खावं. नाही आवडलं तं थुकून देईल, तुझं काय जाते?" मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या करतेय, तुम्ही दारात उभे. हातात एक पिवळा जांब. तुम्ही तो सदऱ्याला पुसता, एक चावा घेता, डोळे मिटून चव बघता आणि उरलेला माझ्यापुढे धरता. "आंबट असता तं मीच संपवला असता. गोड आहे, खा." सासऱ्याचं उष्टं! माहेरी कळलं असतं तर आईने कपाळावर हात मारला असता. मी खाल्ला. खूप गोड होता.

तर कापणीचा रविवार होता. कॉलनीतली चार-पाच कुटुंबं आली होती. मोठी माणसं धानात वाकून एकमेकांचे फोटो काढत होती आणि नात मुलांना घेऊन फिरत होती. गवती चहाचं पातं चोळून हुंगायला देत होती, हळदीचा कंद उकरून दाखवत होती. तुमच्या वाक्याचा तिने खेळच करून टाकला होता, "जो तोड़ोगे, वो खाना पड़ेगा!" मुलं खिदळत होती. चिंचेचा पाला खाऊन तोंडं वाकडी करत होती, आवळे खाऊन पाणी पीत होती. मी लांबून बघत होते आणि खरं सांगते, मला तुमची आठवण येऊन बरं वाटत होतं.

जेवायला बसले आणि एका मुलीला उलटी झाली. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. लिंबाचं सरबत करायला आत वळले, तोवर दुसऱ्याला झाली. मग तिसऱ्याला. सगळ्यात धाकटी, लाल फ्रॉकवाली, पत्तलीवरच आडवी झाली आणि पोट धरून कळवळायला लागली. तिची आई ताडकन उठली, "आंटी, क्या खिलाया आपने बच्चों को?" सगळे माझ्याकडे आणि चीला करणाऱ्या बाईकडे बघायला लागले. ती बिचारी म्हणत होती, "मोर हाथ के चीला म कुछु नइ हे, दीदी." मला माहीत होतं की काही नाही. आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं होतं. मग मुलांनाच काय झालं? नातीने त्या धाकटीला उचललं आणि तिची घट्ट आवळलेली मूठ सोडवली. मुठीत काळी टरफलं होती, एका बीला आतला पांढरा गर चिकटलेला. "बादाम है," ती पोर म्हणाली. एवढंच बोलली आणि पुन्हा ओकली.

नात माझ्याकडे बघत होती. "आई, ये तो बाउंड्री वाला है. मैंने ही बोला था इनको, जो तोड़ो वो खाओ." मी म्हटलं, गप, गाडी काढायला सांग बाबांना.

दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता मी विसरणार नाही. एरवी पाहुण्यांपुढे मी त्या रस्त्याचं कौतुक करते, बघा, किती रुंद, किती मोकळा. त्या दिवशी तो संपता संपेना. ना दुकान, ना माणूस, मदतीला हाक मारावी तर कोणाला? तुमचा मुलगा गाडी चालवत होता आणि मागे ती आई मुलीला विचारत होती, "कितने खाए बेटा? बोल ना, कितने खाए?" पोरीने मान खांद्यावर टाकून दिली होती. नात तिचे तळवे चोळत होती आणि स्वतः रडत होती. फोनवर मुलीचे वडील ओरडत होते, मोठे अधिकारी, बाहेरगावी होते, "मेरी बच्ची को कुछ हुआ तो मैं आप लोगों को छोड़ूँगा नहीं." मी मनात म्हणत होते, नका सोडू. आधी ही वाचू दे, मग काय करायचं ते करा.

अभनपुरच्या दवाखान्यात डॉक्टरीण तुमच्या नातीएवढीच दिसत होती. मी दारातूनच सांगितलं, "रतनजोत खाल्ली आहे, बिया." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, "आपके यहाँ लगा है?" मी म्हटलं, "हव." तिने लगेच सलाइन लावायला घेतलं. बाकीची मुलं मागच्या गाड्यांतून आली. धाकटीची शीर सापडत नव्हती. काय होईल विचारलं तर डॉक्टरीण म्हणाली, "देखते हैं." मामाजी, "देखते हैं" या शब्दांवर बसून राहणं काय असतं हे मला त्या बाकावर कळलं.

आणि त्या बाकावर मी तुम्हाला शिव्या दिल्या. मनातल्या मनात, पण पोटभर. मला तो दिवस दिसत होता. नवं राज्य नुकतं झालेलं, ट्रक भरून रतनजोतीची रोपं आली होती, जो तो सांगत होता की आता डिझेल झाडाला लागणार, गाड्या त्यावर चालणार. तुम्ही रेल्वेत जन्म घालवलेला माणूस, तुम्हाला ते किती पटलं! नातीला कडेवर घेऊन कडेकडेने रोपं लावत गेलात आणि मला म्हणालात, "कुंपणाले एकदम बेस. ढोरं तोंडच लावत नाहीत याले." ढोरं तोंड लावत नाहीत हे कळलं तुम्हाला, मग ती काहून लावत नाहीत, एवढं विचारावंसं नाही वाटलं? एकीकडे म्हणायचं, जे तोडलं ते खा, आणि दुसरीकडे विषाची रांग लावून मोकळं व्हायचं. ते डिझेल काही आलं नाही. बिया न्यायलाही कोणी फिरकलं नाही. आम्ही मात्र दर वर्षी कुंपण छाटत राहिलो, तुमच्या हातचं म्हणून.

संध्याकाळपर्यंत मोठी मुलं उठून बसली. धाकटीने दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं. तिच्या आईने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडली. मीही रडले. तिच्या वडिलांचा पुन्हा फोन आला नाही.

मी वावरातल्या घरात पाऊल न ठेवता तशीच कुंपणाकडे गेले. दोन माणसं लावली आणि स्वतःही कुदळ घेतली. मुळं खोल गेली होती. त्या झाडाचा चीक हाताला लागला की डाग पडतो, साबणाने जात नाही. माझ्या तळहातांवर तो कितीतरी दिवस होता. नात मदतीला आली नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून म्हणाली, "अब मैं किसी को नहीं घुमाऊँगी. पाटी भी निकाल दो." आम्ही रविवार बंद केले. मला वाटलं, संपलं. पोट्टी परत कधी झाडाला हात लावायची नाही आणि मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

मग जांब पिकले तेव्हा एका दुपारी गेटवर गाडी थांबली. ती आई, आणि तिचं बोट धरून धाकटी. म्हणाली, रोज विचारते, बैलगाडीवाल्या दादीकडे कधी जायचं. मुलगी धावत जांबाखाली गेली, खालच्या फांदीवरचा एक तोडला, तोंडाशी नेला आणि थांबली. माझ्याकडे वळून बघते. "दादी, ये खाऊँ?"

मामाजी, इतक्या वर्षांत त्या झाडाखाली हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझ्या तोंडून "खा" निघेना. जांबच आहे, मला दिसतंय, तरी निघेना. स्वयंपाकघराच्या दारात नात उभी होती, तीही बघत होती. मी पोरीच्या हातातून जांब घेतला, पदराला पुसला, चावा घेतला, चावला, गिळला आणि थांबले. मग तिला दिला. "गोड आहे. खा." तिने खाल्ला. नात पायऱ्या उतरून आली, तिचं बोट धरलं आणि तिला आवळ्याकडे घेऊन गेली.

आता रविवार पुन्हा सुरू झाले आहेत. पाटी आहे तिथेच आहे. मुलांनी काहीही तोडलं की आधी माझ्याकडे आणायचं, मी पहिला चावा घेणार, मग ते खाणार. लोकांना फार आवडतं हे. मोबाइल काढून शूटिंग करतात, टाळ्या वाजवतात. रीतबीत काही नाही, मी भिते, दर घासाला भिते. पण पाहुणे विचारतात, "आंटी, ये परंपरा किसकी है?" आणि मी बिनदिक्कत सांगते, आमच्या मामाजींची.