घंटेची साक्ष

३ मार्च
केल्सीचं नवं पुस्तक टपालानं आलं. परीक्षणासाठी — माझ्याकडे! संपादकाला आमचं वैर ठाऊक नाही की त्याला मजा बघायचीय, देव जाणे. बारा वर्षांपूर्वी याच नियतकालिकात या केल्सीनं माझ्या पुस्तकाबद्दल लिहिलं होतं, ‘बाईंनी सरळ कादंबरीच लिहायची.’ म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे म्हणे. त्या एका ओळीपायी माझी बढती गेली आणि खुर्ची त्याला मिळाली. आता सापडलास, बेट्या.

५ मार्च
विषयही माझाच! १९२७ साली आर्कान्सा राज्यातल्या काळ्यांच्या वस्तीला गोऱ्यांनी लावलेली आग. आणि आता हा स्वतःच आठवणी गोळा करत हिंडतोय.

६ मार्च
सापडलं. ‘आजवर अप्रकाशित साक्ष’ — ओडेलिन प्युरिफॉय, वय एक्क्याण्णव. कुणा बाईनं दोर तुटेपर्यंत चर्चची घंटा वाजवली, म्हणून माणसं वाचली. अहो, ही तर माझ्या पुस्तकातली व्हर्लीची साक्ष! व्हर्ली म्हणजे ओडेलिनची थोरली बहीण, आता हयात नाही. म्हातारीनं माझं पुस्तक वाचून सांगितलं आणि यानं ते तिची आठवण म्हणून छापलं. साक्षीदारानं आधी काय वाचलंय ते विचारायचं, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. हसून हसून पुरेवाट झाली.

७ मार्च
परीक्षण लिहून तयार. शेवटची ओळ — ‘प्रा. केल्सींनी सरळ कादंबरीच लिहायची.’ आता फक्त म्हातारीच्या तोंडून वदवून घ्यायचं.

१० मार्च
ओडेलिनबाईंकडे जाऊन आले. पीचचा केक नेला होता. रेकॉर्डर लावला आणि सरळच विचारलं. त्यांनी लगेच कबूल केलं.

“तो म्हणाला, त्या बाईचं पुस्तक म्हणजे नुसती कादंबरी. म्हटलं, थांब मेल्या, तीच तुझ्या गळी उतरवते.”

त्यांना मिठी मारायचीच बाकी होती. मग सहज विचारलं, त्या रात्री घंटा तुम्हीही ऐकली असेल ना?

“कुठली घंटा, पोरी? घंटा चर्चनं आगीनंतर घेतली, वर्गणी काढून. आमच्या व्हर्लीला गोष्ट रंगवून सांगायची फार हौस.”

मी रेकॉर्डर बंद केला. त्यांनी केकची दुसरी फोड पुढं केली. खाल्ली.

११ मार्च
त्याला बुडवायचं तर माझंही पुस्तक बुडतं. मेला!

१४ मार्च
परीक्षण पाठवलं. ‘प्रा. केल्सींनी मिळवलेली साक्ष निर्विवाद आहे. घंटेबद्दल आता कुणी शंका घेऊ नये.’