गरम असतानाच गाळायचं

सर, तुम्ही गेलात तेव्हा लॅबच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. त्याला आता बरीच वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, पण तुमच्यावरचा राग तसाच आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पीएचडीसाठी चंदीगडला आले तेव्हा मी सांगलीची बुजरी मुलगी होते आणि केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये मराठी बोलणारे तुम्ही एकटे. पहिल्याच थंडीत तुम्ही मला घरी बोलावलंत. काकू माहेरी गेलेल्या, म्हणून चहा तुम्हीच टाकलात, आलं ठेचून. ओट्याशी उभं राहून गाळता गाळता विचारलंत, "चोथा तर काढला. आता हा चहा आणखी कडक होईल?" मी नाही म्हणाले. "आणि झालाच, तर?" मग स्वतःच सांगितलंत, "तर चोथ्यातलं काहीतरी कपात उतरलंय. आपल्या आम्लाचंही तसंच बघायचं. पण गरम असतानाच गाळायचं हं. थंड होऊ दिलंस, तर उतरलेलं पुन्हा चोथ्यावर जाऊन बसतं आणि आपल्याला फसवतं."

आपलं आम्ल म्हणजे टंगस्टनचं हेटरोपॉली आम्ल. सल्फ्युरिकपेक्षा जहाल, पण घन. सिलिकाच्या पावडरीवर चढवलं की काम झाल्यावर गाळून परत वापरता येईल, आम्लाचं सांडपाणी उरणार नाही, अशी तुमची कल्पना. अट एकच, त्यानं सिलिका सोडायची नाही. दोन वर्षं मी तेच करत होते. ब्युटेनॉल हे अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्ल त्या पावडरीसोबत उकळायचं, लॅबभर नेलपॉलिशसारखा वास. एके दिवशी तुम्ही शिकवलं होतं तसं मी ते गरम गाळलं. पावडर बाहेर काढली, तरी रिअॅक्शन चालूच. म्हणजे आपलं आम्ल सिलिका सोडून अल्कोहोलमध्ये उतरत होतं.

मी धावतच तुमच्याकडे आले. वाटलं, शाबासकी मिळेल! तुम्ही सगळ्या लॅबसमोर म्हणालात, "तुला कुणी सांगितलं होतं गाळायला? तुझं काचसामानच घाणेरडं असतं." मग दुसऱ्याला हाताशी धरून तेच थंड करून गाळायला लावलंत. आम्ल सिलिका सोडत नाही, असा पेपर छापून आला. माझं नाव लेखकांत नव्हतं, शेवटी आभारात होतं, तांत्रिक मदतीबद्दल. मला पीएचडीचा विषय बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. बाबांना फोनवर सांगताना मी विषय अवघड होता म्हणाले.

आता मोहालीत, नॉलेज सिटीत, माझी स्वतःची लॅब आहे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं काम देते ते तुमचा पेपर. जसा लिहिलाय तसा करून बघा, आणि गरम असताना गाळा. बाकी एक शब्द सांगत नाही. मग आपल्या खोलीत बसून वाट बघते. खरं सांगते सर, मला त्या दिवसांत फार छान झोप लागते.

या वर्षीची मुलगी पंचकुल्याची आहे. परवा घाबऱ्या चेहऱ्याने दारात उभी. "मॅम, सॉलिड तो निकाल दिया, रिअॅक्शन फिर भी चल रही है. मुझसे ही कुछ गलत हुआ होगा."

"नहीं," मी म्हणाले. "तुम्हारे हाथ साफ हैं."

ती पेपर उलटून तुमचं नाव बघत राहिली. "इतने बड़े सर ने ये चेक नहीं किया?"

"तुम्हीं बताओ," मी म्हणाले. हेच ऐकायला मी दरवर्षी थांबलेली असते.

मग जाता जाता तिने विचारलं, "मॅम, आपको ये टेस्ट किसने सिखाया?"

"किताब में पढ़ा था," मी म्हणाले. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि दरवर्षी मी हेच सांगते. तुम्ही माझं नाव गाळलंत, मी तुमचं गाळते, आणि पुढच्या वर्षीही गाळणार आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्यानंतर मी पुष्कळ पुस्तकं चाळली. चहाच्या चोथ्यावरून इतकं नीट समजावलेलं मला अजून एकाही पुस्तकात सापडलेलं नाही.